फर्लर नवा की वापरलेला? आधी आतल्या तारेचं वय बघा

तुमच्या 31 फुटी शीडबोटीचा फर्लर, म्हणजे पुढचं शीड गुंडाळणारं यंत्र, अडकायला लागलाय. ओळखीतून वापरलेला 85 हजारांत मिळतोय; नव्याचं कोटेशन फोरस्टे (डोलकाठीची पुढची तार), वाहतूक आणि कस्टम ड्युटी धरून 2 लाख 60 हजार. त्यासाठी ऑगस्टअखेर पिकणारी एफडी मोडू का, असं तुम्ही विचारलंय.

एफडी मोडू नका. आणि तो 85 हजारांचा सौदाही नको.

वापरलेल्याचे ॲल्युमिनियमचे फॉइल, म्हणजे तारेवर चढवलेल्या आणि शीड ज्यांच्याभोवती गुंडाळतं त्या लांब नळ्या, दुसऱ्या बोटीच्या मापाने कापलेले असतात. कमी पडले तर जोड द्यायचा. मॉडेल बंद झालेलं असेल तर तो शोधत बसायचं. शिडाच्या कडेची पट्टी खाचेत बसली नाही तर ती बदलायची. आणि खरा प्रश्न फोरस्टेचा. डोलकाठीला पुढून धरणारी ही तार फॉइलच्या आत असते, वरून दिसत नाही. तुमची तर 14 वर्षांची. खाऱ्या हवेत स्टेनलेसची तार टर्मिनलच्या, म्हणजे टोकाच्या जोडणीच्या, तोंडाशी आतून खाल्ली जाते. फर्लर उतरवून तीच तार परत घालणं म्हणजे गिअरबॉक्स खाली घेऊन जुनीच क्लचप्लेट बसवणं. ती तुटली तर डोलकाठी गेलीच समजा, आणि झीज विम्यात सहसा वगळलेली असते.

तुम्हीच कळवलेले दर लावतो: तार-टर्मिनल 45 हजार, जोड 30, पट्टी 15. वापरलेला 1 लाख 75 हजारांवर गेला. उरलेल्या 85 हजारांच्या बचतीसाठी कुणाचे तरी झिजलेले बेअरिंग घ्यायचे?

नव्यात हार्केन कंपनीचे बेअरिंग उघडे, गोड्या पाण्याने धुवावे लागतात. गेटवेसमोर पाण्यात बोट बांधायच्या मूरिंगवर नळ कुठला! प्रोफर्लचे सीलबंद असतात. सेल्डेनच्या फर्लेक्स संचात तार सोबतच येते.

फर्लरच नको, हुकांची जिब (तारेला हुकांनी अडकवायचं पुढचं शीड) लावू, हा सर्वांत स्वस्त मार्ग. पण बोटीवर तुम्ही दोघंच. वारा वाढल्यावर पुढे नाळेवर, म्हणजे बोटीच्या टोकावर, जाऊन शीड उतरवणार कोण? मात्र दोन वर्षांत बोट विकायची असेल तर नवा घेऊ नका, विकताना हे पैसे वसूल होत नाहीत. तार बदला, आहे त्याचेच बेअरिंग दुरुस्त करा.

पावसाळ्यात बोट वर येईलच. जूनमध्ये डोलकाठी उतरवून तारेची जाडी आणि पिनचं माप घ्या, जुलैत ऑर्डर द्या. आगाऊ रक्कम बचत खात्यातून, बाकी माल आल्यावर एफडीतून, असं विक्रेत्याकडून लेखी घ्या. आकस्मिक निधीला हात लावू नका. ऑक्टोबरपासून बोटीसाठी दरमहा 4 हजारांची वेगळी आरडी काढा. मुख्य शीडही जुनं झालंय म्हणता, पुढचं बिल त्याचंच येणार.