त्या दिवशी तुमचे पोट बिघडले नव्हते

वाचकाचे पत्र (संक्षिप्त):

«माझे वय 46 असून एका खासगी कंपनीत मी अकरा जणांच्या गटाचा प्रमुख आहे. तीन वर्षांपूर्वी वडील गेले आणि देवघर माझ्याकडे आले. वडील रोज तासभर षोडशोपचार पूजा करीत; मी ती पाऊण तासात उरकतो, तरी देव ताम्हनात असतानाच फोन थरथरू लागतो आणि नको नको म्हणताना ओल्या हाताने तो उचलला जातो. व्हिडिओ बैठकीआधी कपाळावरचे गंध पुसावे लागते ते वेगळेच. गेल्या दसऱ्यापासून मी सोळा सोमवार केले, ते संपल्यावर पुन्हा धरले, शिवाय दर संकष्टीचा उपास आणि गुरुवारी पोथीचा अध्याय असतो. तरीही काहीतरी अपुरे पडते आहे ही रुखरुख जात नाही. भाद्रपदात वडिलांच्या तिथीचे श्राद्ध यथासांग झाले (पोट बिघडल्याचे कळवून आजारपणाची रजा टाकली होती, संध्याकाळी एका सहकाऱ्याने काळजीने चौकशीचा फोनही केला), पण इतर सणवारांना फार ओढाताण होते. आमच्या ऑफिसचे वातावरण पूर्णपणे धर्मनिरपेक्ष आहे, तिथे असले विषय निघत नाहीत. एक सहकारी मात्र रमजानमध्ये दुपारच्या बैठका उघडपणे मागेपुढे करून घेते आणि सगळे तिचे ऐकतात. पत्नी म्हणते झेपेल तेवढेच करा, मुलगी म्हणते सगळेच बंद करा. किमान किती केले म्हणजे धर्मही राहील आणि नोकरीही?

— दोन दगडांवर पाय ठेवलेला»

महोदय,

तुमचे मूळ पत्र चार पानांचे आहे. कंसाबाहेरचे सारे मी एकदा वाचले आणि कंसातला मजकूर तीनदा वाचला. ज्या दिवशी तुम्ही वडिलांना जेवू घातले, त्या दिवशी तुम्ही जगाला सांगितले की तुमचे पोट बिघडले आहे. हे वाक्य तुम्ही कंसात टाकून पुढे निघून गेलात. मला मात्र तिथून हलता आले नाही.

आधी तुमच्या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकते, कारण ते सोपे आहे आणि तुम्हालाही बहुधा माहीत आहे. सोळा उपचार जमत नसतील तर गंध, फूल, धूप, दीप आणि नैवेद्य या पाच उपचारांची पूजा शास्त्राला मान्य आहे आणि ती दहा मिनिटांत होते. तेवढेही ज्या दिवशी शक्य नसेल, त्या दिवशी मानसपूजा आहे, जी लोकलमध्ये उभ्याउभ्यानेही करता येते. ती दहा मिनिटे फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. किमान किती, याचे उत्तर इथे संपले.

आता तुमच्या यादीतल्या तारखांकडे वळते, कारण त्या तुम्ही स्वतःच लिहून दिल्या आहेत आणि एकमेकींशेजारी ठेवून पाहिलेल्या मात्र दिसत नाहीत. श्राद्ध भाद्रपद वद्यातले. सोळा सोमवार, संकष्टी आणि गुरुवारची पोथी हे सारे «गेल्या दसऱ्यापासून», म्हणजे अश्विन शुद्ध दशमीपासून. सर्वपित्री अमावास्या उलटल्यावर दहाव्या दिवशी दसरा येतो. पोट बिघडल्याची थाप मारल्यापासून चार आठवडे होण्याच्या आत तुम्ही स्वतःला नवी व्रते लावून घेतलीत, आणि सोळा सोमवार पुरे झाले तरी मन भरेना म्हणून ते दुसऱ्यांदा धरलेत. धर्म आणि नोकरी यांच्या ओढाताणीबद्दल तुम्ही मला चार पाने लिहिली आहेत. मला त्यांत दिसतो तो दंड, जो तुम्ही हप्त्याहप्त्याने भरता आहात आणि ज्याचे मुद्दल काही केल्या फिटत नाही.

आपल्याकडे कर्मांची नित्य, नैमित्तिक आणि काम्य अशी जी विभागणी केलेली आहे, ती अशा वेळी फार उपयोगी पडते. रोजची पूजा नित्य, तिथीचे श्राद्ध नैमित्तिक, आणि मनात काही इच्छा धरून केलेली सोळा सोमवारांसारखी व्रते काम्य. पहिली दोन चुकली तर दोष लागतो असे सांगितले आहे; काम्य व्रत मुळात धरलेच नाही तर कोणताही दोष नाही, आणि धरले असेल तर त्याचे रीतसर उद्यापन करून मोकळे होता येते. तुमच्या वडिलांनी तुमच्याकडे जे सोपवले ते पहिल्या दोन प्रकारांत पूर्ण बसते. तिसऱ्या प्रकारातले सारे ओझे तुमचे स्वतःचे आहे, आणि काम्य व्रतामागची तुमची कामना कोणती, हे तुम्ही पत्रात कुठेही लिहिलेले नाही. मी सांगू का? त्या संध्याकाळी सहकाऱ्याचा तो फोन आला नसता तर बरे झाले असते, ही.

तुमचा नाइलाज होता असे तुम्ही म्हणाल. श्राद्ध पहाटे उरकून नऊची बस धरण्यासारखे नसते हे मी जाणते. दिवसाचे पंधरा मुहूर्त केले तर आठवा मुहूर्त कुतप. सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही सहाचे धरले तर तो 11 वाजून 36 मिनिटांनी सुरू होतो आणि 12 वाजून 24 मिनिटांनी संपतो, आणि श्राद्धाचे काम तिथून पुढे दुपारपर्यंत चालते. म्हणजे ऐन कामाची वेळ. त्यासाठी पूर्ण दिवसाची रजा हवी, हे मान्य. पण रजा हवी असणे आणि रोग हवा असणे यांत फरक आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने कामगाराला वर्षाला 8 दिवसांची जी रजा दिली आहे, आणि तुमच्यासारख्या वरच्या जागेवरच्या माणसांनाही कंपन्या जी आपल्या नियमांनी सहसा देतात, तिला कार्यालयीन मराठीत नैमित्तिक रजा म्हणतात. शास्त्र श्राद्धाला नैमित्तिक कर्म म्हणते आणि कचेरी त्या दिवसाला नैमित्तिक रजा म्हणते, इतका सरळ मेळ समोर असताना तुम्ही आजारपणाच्या रकान्यात जाऊन बसलात. एका शाळेच्या कार्यालयात माझी बरीच वर्षे रजेचे अर्ज हाताळण्यात गेली आहेत, त्यामुळे पोटे बहुतेक सोमवारी बिघडतात हे मला ठाऊक आहे. तिथीला बिघडलेले पोट मात्र मी पहिल्यांदाच पाहते आहे.

नाइलाजाचे म्हणाल तर धर्मशास्त्राने जितक्या नाइलाजांचा विचार करून ठेवला आहे तितका तुमच्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागानेही केला नसेल. तिथी साधली नाही तर सर्वपित्री अमावास्या आहे. स्वयंपाक करून ब्राह्मण जेवू घालणे शक्य नसेल तर कोरडा शिधा देऊन आमश्राद्ध आहे, तेही नाही तर दक्षिणा देऊन हिरण्यश्राद्ध आहे. पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्ये यांनी 1790 च्या सुमारास धर्मसिंधू हा धर्मशास्त्राचा ग्रंथ लिहिला, त्यात असे पर्याय मांडलेले सापडतात, आणि ते वाचताना जाणवते की अडचणीतल्या माणसाला वाट काढून देण्याचा या लोकांना कंटाळा नव्हता.

यातला सगळ्यात शेवटचा पर्याय मला फार आवडतो. विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशात उतरत्या क्रमाने सवलती सांगत सांगत मूठभर तिळांपर्यंत आणि गायीला घातलेल्या चाऱ्यापर्यंत येतात, आणि ज्याच्याजवळ तेवढेही नाही त्याला सांगितले आहे की रानात जा, दोन्ही हात वर करून काखा उघड्या कर आणि सूर्याला व लोकपालांना मोठ्याने सांग, की माझ्याजवळ वित्त नाही, धान्य नाही, श्राद्धाला लागणारे काहीच नाही, मी पितरांना नमस्कार करतो, माझ्या भक्तीने ते तृप्त होवोत. आपल्या मराठीत काखा वर करणे म्हणजे जबाबदारीतून अंग काढून घेणे. तिथे मात्र काखा वर करूनच जबाबदारी पार पडते. अन्न माफ, दक्षिणा माफ, दर्भ आणि तीळसुद्धा माफ. माफ नाही ती एकच गोष्ट: भर उजेडात उभे राहून, खऱ्या शब्दांत, मोठ्याने सांगणे. तुमचे श्राद्ध यथासांग झाले असे तुम्ही लिहिता. तांदूळ, तीळ, खीर, वडे, गुरुजी, सारे काही होते; पुराणाने जे शेवटपर्यंत सोडले नाही तेवढेच काय ते तुम्ही पहिल्या प्रथम सोडून दिलेत.

धर्मनिरपेक्षतेचे निमित्त तर पुढे करूच नका. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने हा शब्द उद्देशिकेत आला, तो राज्यव्यवस्थेचे वर्णन करण्यासाठी; आणि त्याच संविधानाचे 25 वे कलम प्रत्येकाला आपापला धर्म आचरण्याचे स्वातंत्र्य देते. माणसाने ऑफिसच्या दारात चपलांबरोबर आपला बापही काढून ठेवावा, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. तुमच्या ऑफिसात असले विषय निघत नाहीत म्हणता, आणि पुढच्याच ओळीत ते निघतात हे तुम्हीच सांगता. त्या सहकारी बाईंबद्दल तुमच्या लेखणीतून हलकासा मत्सर झिरपला आहे. तो पुसून टाका, कारण त्यांना कोणी खास काही दिलेले नाही. त्यांनी मागितले आणि त्यांना मिळाले. तुम्ही मागितलेच नाही, आणि न मागितलेल्या गोष्टीचा नकार मात्र स्वतःच स्वतःला लिहून घेतलात.

लोक कर्मठ म्हणतील ही तुमची धास्ती पत्रात शब्दांत आलेली नाही, पण गंध पुसणाऱ्या मनगटात ती दिसते. म्हणोत. तुम्ही अकरा माणसांचे प्रमुख आहात, तुमच्याबद्दल ते याहून वाईट गोष्टी आधीच म्हणत असतील. मला चिंता वाटते ती वेगळीच: त्या अकरांपैकी किती जणांची पोटे भाद्रपदाच्या वद्य पक्षात बिघडतात, याची नोंद तुम्ही कधी घेतली आहे का? प्रमुखच जेव्हा तिथीच्या दिवशी रुग्ण होतो, तेव्हा हाताखालच्या पोराने आजीच्या श्राद्धासाठी खरे कारण लिहिण्याची हिंमत कुठून आणावी? त्याला घरी सर्दी, ताप, मावशीचे ऑपरेशन अशी सामग्री गोळा करावी लागते, आणि तुम्ही त्यावर मंजुरीची सही करता. दोघांनाही ठाऊक असते, दोघेही बोलत नाहीत.

पत्नी आणि मुलगी काय म्हणतात हे तुम्ही एका ओळीत सांगितले आहे. त्या दोघींच्या मतांची तुलना मी करणार नाही, कारण बापाच्या तिथीला धडधाकट असताना बाप फोनवर क्षीण आवाज काढून बोलतो हे ज्या मुलीने घरात ऐकले असेल, तिने «सगळे बंद करा» म्हटले तर त्यात तिचा धर्माशी काही वाद असेलच असे नाही.

म्हणून एकच सांगते, आणि त्यावर पर्याय देणार नाही. यंदाच्या महालयाची, म्हणजे पितृपक्षातल्या त्या श्राद्धाची, तारीख आजच पंचांगात पाहा. चांद्रवर्ष 354 दिवसांचे असल्यामुळे तिथी दरवर्षी इंग्रजी तारखांवरून सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकते आणि अधिक मास आला की पुढे उडी घेते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबू नका. ती तारीख ऑफिसच्या सामायिक कॅलेंडरवर आत्ताच टाका, म्हणजे त्या दुपारी कोणी बैठक लावणार नाही. रजेचा अर्ज किमान महिनाभर आधी करा, आणि कारणाच्या रकान्यात तीन शब्द लिहा: «वडिलांचे महालय श्राद्ध». प्रस्तावना नको, दिलगिरी नको, «घरगुती कारण» अशी चोरवाट तर मुळीच नको. अर्ज पाठवून झाला की चालू असलेले सोळा सोमवार जिथवर आले असतील तिथून नेटाने पूर्ण करा, उद्यापन करा आणि तिसऱ्यांदा धरू नका. संकष्टी आणि पोथी पुढे चालवायची असेल तर ती आवडते म्हणून चालवा. तेव्हा तुम्हाला कळेल की ती आवडते की नाही.

एवढे करायला भाद्रपद यावा लागेल. ज्या सहकाऱ्याने त्या संध्याकाळी काळजीने फोन केला, त्याच्याशी बोलायला मात्र भाद्रपदाची वाट पाहण्याचे कारण नाही. त्याच्या फोनला तुम्ही कंसात जागा दिलीत, तरी चार पानांत तुमच्याशी मायेने वागलेला परका माणूस तेवढा एकच आहे. उद्या चहाच्या वेळी त्याला बाजूला घ्या आणि सांगा की त्या दिवशी तुमचे पोट अगदी उत्तम होते, वडिलांची तिथी होती आणि तुम्ही दोन वाट्या खीर खाल्ली होती.