कच्चे कैदी, कलम ४७९ आणि विद्यार्थ्यांचे विधी नियतकालिक

प्रश्न : आमच्या विधी महाविद्यालयातील विद्यार्थी सहामाही नियतकालिक चालवतात. नव्या फौजदारी कायद्यांवरील अंकावरून संपादक मंडळात दोन तट पडले आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ हे कच्च्या, म्हणजे खटला निकाली निघण्यापूर्वीच तुरुंगात असलेल्या, कैद्यांसाठी वरदान आहे, असे एका लेखात म्हटले आहे, तर दुसऱ्यात ते निव्वळ देखावा ठरवले आहे. कोणता लेख घ्यावा? (विद्यार्थी संपादक, नांदेड)

उत्तर : दोन्ही लेख दुरुस्तीसाठी परत पाठवावेत, कारण आपण पाठवलेले गोषवारे पहिल्या पोटकलमापाशीच थांबतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या आरोपीने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर, म्हणजे हजर राहण्याच्या लेखी हमीवर, सोडायचे आहे. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या काळाची आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३६-अ मध्ये सर्वांनाच निम्मा काळ काढावा लागे, म्हणून पहिल्या लेखकाला वरदान दिसले. मात्र जुन्या कलमातून फक्त मृत्युदंडाचे गुन्हे वगळलेले होते, नव्या कलमातून जन्मठेपेचेही वगळले आहेत. शिवाय पोटकलम (२) सांगते की, एकाहून अधिक गुन्ह्यांचा तपास किंवा खटला प्रलंबित असेल, तर या कलमाखाली जामीन नाही.

वादाची खरी जागा हे पोटकलम आहे. रात्रीच्या घरफोडीच्या फिर्यादीत भारतीय न्याय संहितेची कलम ३३१(४) (रात्रीची घरफोडी) आणि ३०५ (घरातील चोरी) ही जोडी हटकून लागते. घटना एक, रात्र एक, पण गुन्हे दोन! पोटकलम शब्दशः वाचले, तर पहिल्यांदाच पकडलेला मुलगाही सवलतीबाहेर जातो. पारधी वस्तीतील तरुणाची अडचण याहून मोठी आहे. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा, १८७१ पासून चालत आलेला कायदा १९५२ मध्ये रद्द झाला असला, तरी संशयाची सवय रद्द झालेली नाही, आणि शेजारच्या तालुक्यात नाव गोवलेला एखादा जुना गुन्हा प्रलंबित असला की त्याची वाट बंद होते. पात्र कैद्यासाठी न्यायालयात लेखी अर्ज करण्याचे काम कारागृह अधीक्षकांवर सोपवले आहे, ही तरतूद चांगली आहे. आणि १ जुलै २०२४ पूर्वी नोंदवलेल्या प्रकरणांनाही हे कलम लागू होईल, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. २०२२ च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. दोन्ही लेखकांनी हा आकडा दिला आहे, परंतु त्यातील किती जण पोटकलम (२) मुळे अडतील, हा प्रश्न कोणीच विचारलेला नाही. ज्या वकिलांकडे आपण उमेदवारी करता, त्यांच्या संमतीने दहा-बारा प्रकरणांचे रोजनामे (न्यायालयातील रोजच्या कामकाजाच्या नोंदी) वाचून लेख पुन्हा लिहावेत.

प्रश्न : निकालावर कठोर टीका छापली, तर न्यायालयाचा अवमान होईल का? पीडितेचे नाव निकालपत्रातच असेल, तर ते छापता येईल का? (विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर : अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवरील न्याय्य टीका हा अवमान नाही, असे न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ चे कलम ५ सांगते. प्रलंबित खटल्याबाबत मात्र हात राखून लिहावे आणि न्यायाधीशांचे हेतू काढू नयेत. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेचे नाव छापू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली तो दोन वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे. नावासोबत गाव, शाळा, नातेसंबंध असे ओळख पटवणारे तपशीलही गाळावेत. आमच्याकडच्या लहान गावात ‘अमुक वस्तीवरील शिक्षकाची मुलगी’ एवढे लिहिले तरी पुरते.

प्रश्न : अशी नियतकालिके वाचतो कोण? (प्राध्यापक, लातूर)

उत्तर : बहुधा कमी लोक वाचतात, हे मान्य करतो. तरीही तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना निर्दोष सोडले, तेव्हा उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या विधी अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये बलात्काराविषयीचा कायदा बदलला. ते पत्र विद्यार्थ्यांचे नव्हते, हे खरे. पण त्यात निकालातील ‘संमती’ आणि ‘शरणागती’ यांमधला भेद ज्या बारकाईने तपासला होता, ती बारकाई वर्गात शिकवता येते. आपण तेवढे करावे.

प्रश्न : लेख मराठीत घ्यावेत की इंग्रजीत? (विद्यार्थी, बीड)

उत्तर : फिर्याद, पंचनामा, जबाब सारे मराठीत असते. निदान त्यांवरचे लेख तरी मराठीतच घ्यावेत, म्हणजे ठाणे अंमलदारालाही ते वाचता येतील.