गुण सारखे, गोलफरक सारखा, मग वर कोण?

प्रश्न : सर, आमच्या मंडळानं पेठापेठांतल्या पोरांची फुटबॉल लीग घेतलीय. गुणतक्ता मी पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत करतोय. प्रत्येक संघाची एक यादी : आधी नाव, मग आत दुसरी यादी, तीत गुण, गोलफरक आणि केलेले गोल. सॉर्ट केलं, म्हणजे क्रम लावला, की नावांप्रमाणे लागतंय. रिव्हर्स लावलं तर नावंच उलटी. काय करू?
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : भावा, शाहू स्टेडियमवर बसून वहीत असले तक्ते मीही मांडलेत. पायथॉन दोन याद्या पहिल्या घरापासून ताडून बघतो आणि पहिला फरक दिसला की तिथंच निकाल लावतो. तुझ्या पहिल्या घरात नाव आहे. गुणांपर्यंत तो जाईलच कशाला?

सॉर्टला ‘की’ दे, म्हणजे संघ घेऊन फक्त आतली यादी परत देणारं एका ओळीचं लॅम्ब्डा (बिननावाचं छोटं फंक्शन). रिव्हर्स राहू दे. गुण, मग फरक, मग गोल हा क्रम आतल्या यादीत आधीच आहे, त्यामुळं वेगळं काही सांगावं लागत नाही.

आता दोन संघांचे 7 गुण, 2 फरक, 6 गोल असे तिन्ही आकडे जुळले, तर नावं अकारविल्हे हवीत. आकड्यांना उणे चिन्ह लावून, शेवटी नाव जोडून टपल (न बदलणारी यादी) करून तो ‘की’ म्हणून देता येतो. मग रिव्हर्स काढायचं. मला मात्र दुसरी रीत आवडते : आधी नावावर सॉर्ट, त्यानंतर आतल्या यादीवर रिव्हर्स लावून सॉर्ट. उलटं वाटतं खरं. पण टिम पीटर्स यांनी 2002 मध्ये पायथॉनसाठी लिहिलेलं टिमसॉर्ट, म्हणजे सॉर्टमागची क्रम लावायची रीत, बरोबरीवाल्यांची आधीची रांग मोडत नाही, रिव्हर्स असलं तरी.

आकडे सीएसव्ही (स्वल्पविरामांनी घरं पाडलेल्या मजकुराच्या) फाइलमधून घेतलेस का? मग ते आधी इंटमधून काढ, ते मजकुराचा पूर्णांक करतं. मजकूर राहिले तर ‘9’ हा ‘10’ पेक्षा मोठा ठरतो. मी एकदा असाच तक्ता बोर्डावर लावला आणि संध्याकाळी खऱ्या पहिल्या नंबरच्या संघाची पोरं दारात उभी!

‘आपापसातला सामना’ हा निकष ठेवणार असाल तर की पुरत नाही. ती एकेका संघाकडं बघते, इथं जोडी बघावी लागते. त्यासाठी पायथॉनच्या फंकटूल्स मॉड्यूलमध्ये सीएमपी-टू-की आहे; दोघांची तुलना करणाऱ्या फंक्शनपासून ते ‘की’ बनवतं. पण पहिल्यानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला आणि तिसऱ्यानं पहिल्याला हरवलं असेल, तर त्याच्या उत्तरावर विसंबू नको. सरळ चिठ्ठी टाक, पण तिन्ही पेठांच्या देखत.