अमेरिकेतली ‘ग्रामीण काउंटी’ म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यासारखं काही असतं का? एखादं उदाहरण घेऊन भूगोल आणि लोकसंख्या सांगाल का?

उदाहरण म्हणून नेब्रास्का राज्यातली चेरी काउंटी घेतो. मी याच राज्यात, पण पार दुसऱ्या टोकाला, ओमाहामध्ये राहतो. तिथून चेरी काउंटीचं मुख्य गाव व्हॅलेंटाइन गाडीने पाचेक तासांवर आहे. दोनदा जाऊन आलोय.

आधी मोजमाप सांगतो. पुणे जिल्ह्याचं क्षेत्रफळ साधारण १५,६४० चौरस किलोमीटर, चेरी काउंटीचं १५,५६० च्या आसपास. म्हणजे जवळजवळ बरोबरी. पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९४ लाख माणसं भरली. चेरी काउंटीत २०२० साली भरली ५,४५५. लिहिताना शून्य गाळलेलं नाही, पाच हजार चारशे पंचावन्नच. आपल्याकडे एवढ्या वस्तीला एक बऱ्यापैकी मोठी ग्रामपंचायत असते. त्यातली निम्मी माणसं एकट्या व्हॅलेंटाइनमध्ये राहतात. उरलेली निम्मी बाकीच्या सगळ्या ‘पुणे जिल्ह्यात’ विखुरलेली.

तेव्हा तालुका नव्हे, आकाराने जिल्हाच म्हणा. (सगळ्या काउंट्या एवढ्या मोठ्या नसतात. नेब्रास्कातच ९३ आहेत आणि ही त्यात सगळ्यात मोठी.) कारभार मात्र आपल्या जिल्ह्यासारखा नाही. वरून नेमलेला कलेक्टर नसतो. कमिशनर, शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख), खजिनदार, कारकून, सगळे लोकांनीच निवडून दिलेले. गाडीच्या नंबरावरून काउंटी ओळखायची सोय मात्र आपल्या एमएच-१२ सारखीच आहे. चेरीचा आकडा ६६. हे क्रमांक १९२२ साली कुठे किती गाड्या आहेत त्यावरून लावले होते आणि बहुतेक काउंट्यांत तेच अजून चालू आहेत. ओमाहाच्या भागाचा क्रमांक १ होता. यावरून अंदाज घ्या.

आता भूगोल, कारण माणसं एवढी कमी का, याचं उत्तर तिथेच आहे. या भागाला सँडहिल्स म्हणतात. वाळूच्या टेकड्या, काही तर शंभर मीटरहून उंच. पण राजस्थानचं वाळवंट डोळ्यांसमोर आणू नका. वरून सगळं गवत. तिथल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला, म्हणजे जूनमध्ये गेलात तर पावसाळ्यातल्या पठारासारखं हिरवंगार दिसतं, फक्त झाड शोधावं लागतं. मी एका उतारावर बुटाच्या टोकाने जमीन उकरून पाहिली. वीतभर मुळांचं जाळं आणि त्याखाली कोकणातल्या किनाऱ्यावर असावी तशी बारीक, मोकळी वाळू. एवढ्या पातळ कातडीवर सगळा जिल्हा उभा आहे. ती कुठे फाटली की वाऱ्याने खड्डा पडतो आणि वाढत जातो. रँचवाले, म्हणजे मोठाल्या कुरणांवर गुरं पाळणारे, असल्या खड्ड्यांत जुने टायर टाकून ठेवतात, वाळू थांबावी आणि गवत पुन्हा धरावं म्हणून.

पाऊस वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर. हा आकडा सोलापूर-नगरकडच्या माणसाला पाठ असेल. पण आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी मुरायला मागत नाही, वाहून जातं. इथे पडेल तो थेंब वाळूत शिरतो आणि खाली ओगलाला नावाच्या अवाढव्य भूजलसाठ्याला जाऊन मिळतो. हा साठा आठ राज्यांखाली पसरलेला आहे आणि त्याचा सगळ्यात जाड थर सँडहिल्सखालीच आहे. त्यामुळे पाचशे मिलिमीटरच्या मुलखात टेकड्यांच्या मधल्या खोलगट भागात चक्क तळी दिसतात. जागोजागी जुन्या धाटणीच्या पवनचक्क्या आहेत, वीज करणाऱ्या नव्हेत, पाणी उपसणाऱ्या. एकीच्या खाली थांबलो होतो. पातं करकरत फिरत होतं, पाइपातून करंगळीएवढी धार लोखंडी हौदात पडत होती आणि भोवती वीस-पंचवीस काळ्या अँगस जातीच्या गायी. जुलैचं ऊन होतं, तरी धारेखाली धरलेला हात पटकन मागे घ्यावा लागला, इतकं गार पाणी.

मग एवढं पाणी असून शेती का नाही? करून पाहिली ना लोकांनी. १८६२ च्या कायद्याने सरकार १६० एकर फुकट देत होतं, ते इथे कुणाला पुरेना. म्हणून १९०४ मध्ये किंकेड कायदा आला: पाच वर्षं राहा, ६४० एकर तुमचे. आपल्याकडे ६४० एकर म्हटल्यावर माणूस जहागीरदारच व्हायचा! लोक आले, काहींनी नांगर घातला आणि वाळू उडाली. गुरं पाळावीत तर एका गायीला वर्षभरासाठी दहा ते वीस एकर कुरण लागतं. म्हणजे ६४० एकरांत चाळीस-पन्नास गायी, त्यांवर संसार चालत नाही. शेजाऱ्याला जमीन विकून माणसं निघून गेली. १९२० साली काउंटीत ११,७५३ लोक होते, तो कळस. तेव्हापासून दर जनगणनेला आकडा खालीच येतोय.

‘खेडी ओस पडली’ असं आपण ज्या सुरात म्हणतो, तो सूर मला इथे पूर्ण पटत नाही. शाळा बंद होतात, पोरं लिंकन-ओमाहासारख्या शहरांत जातात, हे खरंच आहे. पण या जमिनीला पेलतील तेवढीच माणसं आता तिथे आहेत, असंही म्हणता येतं. गायी विचाराल तर दीड लाखाच्या वर! मांसासाठी पाळलेल्या गायींच्या संख्येत ही काउंटी अख्ख्या अमेरिकेत पहिली गणली जाते. एक सूचना: कुणा रँचवाल्याला ‘तुमच्याकडे गायी किती?’ असं विचारू नका. बँकेत किती पैसे आहेत असं विचारल्यासारखं धरतात. मी विचारलं होतं. म्हातारबुवा हसून ‘पुरेशा आहेत’ म्हणाले.

१८९० च्या जनगणनेनंतर अमेरिकेने ‘आता आपल्याकडे सरहद्दीचा मुलूख (म्हणजे वस्ती जेमतेम पोचलेला प्रदेश) उरला नाही’ असं जाहीर केलं. कसोटी होती चौरस मैलाला दोन माणसं. चेरी काउंटीत आज चौरस मैलाला एकसुद्धा पुरती पडत नाही.

वस्ती बहुतेक गोरी, थोडे मूळनिवासी. उत्तरेची हद्द ओलांडली की साउथ डकोटा राज्यात लकोटा या मूळनिवासी लोकांचे रोझबड आणि पाइन रिज हे राखीव प्रदेश लागतात. व्हॅलेंटाइन सोडून बाकीची गावं म्हणजे वाड्याच. कोडी नावाच्या गावात दीडशेच्या आसपास लोक. तिथलं किराणा दुकान शाळेतली मुलं चालवतात, इमारत पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्या भिंतींची, २०१३ पासून चालू आहे. आणखी एक गंमत म्हणजे काउंटीच्या मधूनच वेळेची रेषा जाते. पूर्वेकडे दहा वाजले की पश्चिमेकडे नऊ. त्यामुळे तिकडे कुणाला भेटायचं ठरवलंत, तर वाजले किती यासोबत कुठले वाजले, हेही विचारून घ्यावं लागतं.

कधी जाणार असाल तर व्हॅलेंटाइनहून दक्षिणेला मलनकडे जाणारा ९७ नंबरचा रस्ता घ्या. जवळजवळ सव्वाशे किलोमीटर, मध्ये एक गाव नाही. निघताना टाकी भरून घ्या. मला त्या अख्ख्या रस्त्यावर समोरून सात गाड्या आल्या. सातही जणांनी स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार केला. पहिल्या दोघांना मी ओळखीचं कोण म्हणून वळून पाहिलं, तिसऱ्यापासून माझंही बोट आपोआप उचललं जायला लागलं.