भूत नाही तरी भेव काऊन वाटते?

प्रश्न : भाऊ नमस्कार, मी यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी. सध्या हरभऱ्याले पाणी देणं चालू आहे आन थ्री फेज लाईन रात्रीचीच येते, त म्हटलं मोटर चालू आहे तोवर काही वाचावं म्हणून वाचनालयातून एडगर अ‍ॅलन पो नावाच्या अमेरिकन लेखकाच्या कथांचा अनुवाद आणला. तीन-चार कथा झाल्या, भूत नाही हडळ नाही, तरी पाईप बदलायले उठायचं म्हटलं की पाय उचलत नाही. रोही-डुकराले कधी भेलो नाही मी. हे काय लागलं मांगं? आन आमच्या गावचे एक सर म्हणतात तो लेखक वेडा न दारुडा होता, खरं काय?

उत्तर : रात्री, वावरात, एकट्यानं पो वाचता, कमाल आहे भाऊ तुमची. आपल्याकडच्या भुताचं बरं असतं, त्याचा पत्ता ठरलेला. नाल्याकाठची चिंच, पडकी विहीर, तिकडं अमावस्येला गेलं नाही की झालं. पोचं भेव सांगणाऱ्याच्या डोक्यातच बसलेलं असतं. १८४३ ची 'द टेल-टेल हार्ट' घ्या, तो माणूस पहिल्यापासून पटवत सुटतो की मी वेडा नाही, बघा किती शांतपणे सांगतो, अन् तिथंच आपल्याला कळतं की गडबड आहे. म्हाताऱ्यानं त्याचं काही वाकडं केलं नाही, पैशाचाही लोभ नाही, फक्त त्याचा तो गिधाडासारखा फिकट निळा डोळा सहन होत नाही म्हणून खून! सात रात्री बाराच्या सुमाराला कंदिलाची बारीक तिरीप त्या डोळ्यावर सोडतो, डोळा मिटलेला दिसला की परत, आठव्या रात्री तो उघडा सापडतो. प्रेत फळ्यांखाली दडवून वर खुर्ची टाकून पोलिसांशी गप्पा मारतो, आणि कोणी न विचारता स्वतःच ओरडून कबूल होतो कारण त्याला खालून धडधड ऐकू येते. ती म्हाताऱ्याची की त्याच्याच छातीतली, पो सांगत नाही. मोटर बंद पडल्यावर वावरात जे सामसूम होतं ना, त्यात ही कथा आठवली तर पाय कसे उचलतील?

मला विचाराल तर ह्याहून भयंकर १८४६ ची 'द कास्क ऑफ अमॉन्टिलाडो'. त्यातला सांगणारा मित्राला दारूच्या नादानं तळघरात नेऊन जिवंत भिंतीत चिणतो, अपमान नेमका काय झाला होता ते शेवटपर्यंत कळत नाही, आणि हे सगळं पन्नास वर्षांनी सांगतोय, म्हणजे पचलं त्याला!

आता सरांचं. प्यायचा तो, हे खरं. पण त्याची बदनामी पसरवली ती रूफस ग्रिसवोल्ड नावाच्या संपादकानं. पो ७ ऑक्टोबर १८४९ ला बाल्टिमोरला वारला, दोनच दिवसांत ह्यानं टोपणनावानं पेपरात वाईटसाईट मृत्युलेख लिहिला, आणि वरून पोचं लिखाण छापायचं कामही ह्याच्याच हाती गेलं, तर त्यात चरित्र जोडताना पत्रांत फेरफार करून ठेवले. वेड्याच्या झटक्यात असं लिहून होत नाही हो. कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिच्यातला शब्द न् शब्द एकाच परिणामाकडं न्यावा, हे त्यानं १८४२ मध्ये एका परीक्षणात मांडलंय. नमुना म्हणून 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर' ही कथा परत काढा, सुरुवातीलाच वाड्याच्या भिंतीत छतापासून खालपर्यंत नागमोडी भेग दिसते, शेवटी वाडा तिथंच दुभंगतो.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे, हेच पुस्तक मागतो. देऊ का भाऊ?

उत्तर : 'द ब्लॅक कॅट' नको, त्यात मांजराचा डोळा चाकूनं काढलाय आणि पुढं बायकोचा खून आहे. 'द गोल्ड-बग' द्या. गाडलेला खजिना आहे, सांकेतिक लिपी सोडवायची आहे, मुलगा कागद-पेन घेऊनच बसेल. १८४३ मध्ये ह्याच कथेला शंभर डॉलरचं बक्षीस मिळालं होतं.