लहान ई-फ्लॅट ट्यूबाला कोणता माऊथपीस घ्यावा? सगळे बाख १८ म्हणतात

तुम्ही लिहिलंय की तीन व्हॉल्व्हचा लहान ई-फ्लॅट ट्यूबा, म्हणजे बँडमधला बेस, सेकंडहँड घेतलाय, सोबतचा माऊथपीस कुणीतरी ढापला, आता इकडून-तिकडून मागून आणलेल्या माऊथपीसवर खालचे सूर फाटायलेत आणि बँडमधले सगळे बाख कंपनीचा १८ नंबर घे म्हणायलेत. तर पहिलं सांगतो, १८ घेऊ नका. माऊथपीस वाईट नाही, पण त्याचा कप (ओठ टेकतात ती वाटी) साडेबत्तीस एमएमच्या आसपास रुंद, बीबी-फ्लॅटच्या, म्हणजे अजून खालच्या सुराच्या मोठ्या बेसला ठीक आहे. त्या बेसची नळी साडेपाच मीटरच्या घरात जाते, तुमच्या ई-फ्लॅटची चार. लहान बेसला एवढा मोठा खोल कप लावला की वरचे सूर खाली बसतात, आवाज गुळमुळीत होतो आणि हवा लई लागते. उभं राहून दोन गाणी वाजवायची असतील तर निभेल, पण भर उन्हात चालत दोन तास वाजवायचं तर एवढी हवा आणायची कुठून?

मोठा माऊथपीस म्हणजे मोठा आवाज, हे ज्ञान कुठून पसरलं मला माहीत आहे, कारण आमच्या घरातच त्याचं दुकान आहे.

परभणी जिल्ह्यात आमच्या घरचा बँड होता, सुपाऱ्या सेलू, मानवत, पाथरी, जिंतूरकडच्या. मालक थोरला चुलतभाऊ, त्याला सगळे दादाच म्हणतात. ट्रंपेट दादाच्या मेहुण्याला आणि बेस माझ्या गळ्यात, कारण मी सगळ्यात धाकटा आणि बेस सगळ्यात जड. त्या बेसला युफोनियमचा, म्हणजे बेसपेक्षा लहान वाद्याचा, माऊथपीस होता, शँक (माऊथपीसची वाद्यात जाणारी दांडी) बारीक म्हणून त्यावर काळी इलेक्ट्रिकची टेप गुंडाळलेली. युफोनियमचा कप पंचवीस-सव्वीस एमएमचा असतो, ट्यूबाचा तीसच्या पुढं. म्हणजे खालच्या सुराला ओठ हलायलाच जागा नाही, आणि वर ती टेप. मे महिन्यात आमच्याकडं काय ऊन असतं सांगायला नको. परण्या निघाला, नवरदेव घोड्यावर, मारुतीच्या देवळापर्यंत जायचं, आणि अर्ध्या वाटेत टेपचा गोंद पातळ व्हायचा, माऊथपीस आत सरकायचा, एका अंगाला कलायचा आणि कडेनं हवा जायची. खालचा सूर धरला की फर्र. दादा पुढून वळायचा आणि वऱ्हाडासमोर म्हणायचा, "काय फुंकायलास रे? ओठात दमच नाही तुझ्या!" हजेरीतून पैसे पण कापायचा. मी म्हणायचो दादा माऊथपीस बघ एकदा, तर म्हणे वाजवता येईना त्याला अंगण वाकडं.

शेवटी मी माझ्या पैशानं जुना ट्यूबाचा माऊथपीस मिळवला, कप एकतीसच्या आसपासचा, आणि एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडं गेलो. त्या माणसानं जन्मात ट्यूबा पाहिला नव्हता. त्यानं शँकवर पेन्सिलनं चार उभ्या रेघा ओढल्या, अलगद रिसिव्हरमध्ये, म्हणजे शँक बसतो त्या बेसच्या तोंडात, घातला, थोडा फिरवला, काढला आणि मला दाखवला. रेघा फक्त वरच्या अंगाला पुसलेल्या, खाली टोकाकडं जशाच्या तशा. म्हणाला, तोंडाशीच टेकायलाय, आत सगळा मोकळा आहे, टेपर, म्हणजे निमुळतेपणा, जुळत नाही. मग व्हर्नियर लावून बघितलं तर शँक बारीक पण होता. त्यानं पितळेच्या रॉडमधून पातळ बुश (पोकळ नळी) काढला, बाहेरून रिसिव्हरच्या टेपरचा, आतून शँकच्या, आणि बसवून दिला. पुन्हा रेघा मारल्या, पुन्हा फिरवला, या वेळी वरपासून खालपर्यंत सारख्या पुसल्या. झालं. पुढच्या सुपारीत तेच ओठ, तोच बेस, खालचा ई-फ्लॅट धरला तर धरलाच. दादा काय म्हणाला? "आज हवा बरी होती."

हे मी एवढं लांबण लावून सांगतोय कारण तुमचा प्रश्न खरं तर कपाचा नाहीच, शँकचा आहे. आधी रिसिव्हर बघा. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या ई-फ्लॅटला बारीक शँक लागतो, अमेरिकन त्याहून जाड, युरोपियन अजून जाड. आपल्याकडच्या बँडमधली बरीच वाद्यं मेरठच्या जली कोठीतली, त्यात जुनी, रिपेरी झालेली, लीडपाईप (माऊथपीसला लागूनची पहिली नळी) बदललेली, म्हणून नावावर जाऊ नका, मोजा. शँक साधारण इंचभर आत जाऊन घट्ट बसला पाहिजे. डुगडुगला तर बारीक, नुसता तोंडाशी अडकला तर जाड. वर सांगितलेली पेन्सिलची युक्ती घरी पण जमते. डेनिस विक कंपनीचा घेणार असाल तर नंबरनंतर एल असला की शँक जाड आणि नसला की बारीक, दुकानदाराला हे विचाराच, नाहीतर हातात येईल तो गळ्यात मारतो.

शँक जुळला की मग कप. लहान ई-फ्लॅटला एकतीसच्या आसपासचा, वाटीसारखा गोल कप घ्या. बाखचाच पाहिजे असेल तर २४एडब्ल्यू, सव्वाएकतीसचा आहे (बाखमध्ये नंबर वाढला की कप लहान होतो, इथं लई जण फसतात). विकचा ३ पण ई-फ्लॅटवाले बरेच जण वापरतात. २४एडब्ल्यूची रिम (कपाची कड) रुंद आहे, त्यामुळं ओठ चपळ राहत नाहीत अशी तक्रार बसून वाजवणारे करतात. करू द्या. आपल्या रस्त्यांवर खड्ड्यात पाय गेला की माऊथपीस थेट दातावर येतो, तेव्हा रुंद रिमची किंमत कळते. हेलेबर्गसारखा नरसाळ्याच्या आकाराचा खोल कप हॉलमध्ये फार गोड वाटतो, पण उघड्यावर ढोलासमोर त्याचा सूर धूसर होतो, माझ्या मते वरातीत त्याचं काम नाही.

दादानं मात्र नंतर मुंबईहून चांदीचा मुलामा दिलेला भला मोठा माऊथपीस मागवला, मला दाखवायला. आम्ही मैदानात रेकॉर्डिंगला फोन लांब ठेवून दोन्ही वाजवले, एकदा त्यानं, एकदा मी, मग अदलाबदल करून, आणि कुठला कुठला ते न सांगता मेहुण्याला ऐकवलं. मेहुण्यानं दोन्ही वेळा लहानवाला निवडला. दादा म्हणे फोनमध्ये बेस येतो व्हय? बरोबर आहे, फोनमध्ये बेस नीट येत नाही, पण मग कुठं ऐकायचं तेवढं सांग, तर तेही सांगत नाही. आता त्यानं बँजो पार्टी काढलीय, दोन मोठे बॉक्स गाडीवर, आणि पाहुण्यांत बसून सांगतो की बेस कुणाला ऐकू येतो. पाणी प्यायला मी थांबलो की नाचणाऱ्यांचा ठेका चुकायचा, ते त्यानं पुढं तोंड करून चालताना कधी बघितलं नसणार.

असो. दोन-तीन गोष्टी राहिल्या. तुमचा बेस ई-फ्लॅट नसून लहान आकाराचा बीबी-फ्लॅट निघाला तर कपाबद्दल वरचं सोडा, तिथं १८ चालेल. ओठ फार जाड असतील तर एकतीसला अडून बसू नका, बत्तीसपर्यंत जा. मुलामा उडून पितळ उघडं पडलेला जुना माऊथपीस ओठाला लावू नका, आधी पुन्हा मुलामा मारून घ्या, आणि निकेलची ॲलर्जी असेल तर चांदीचाच.

आणि खालचे सूर म्हणजे नेमके कुठले ते तुम्ही लिहिलं नाही. तीन व्हॉल्व्हवर तिन्ही दाबून जो ए सूर येतो त्याच्या खाली, अगदी तळाच्या पेडल ई-फ्लॅटपर्यंत मधले सूर त्या बेसवर नाहीतच, त्याला चौथा व्हॉल्व्ह लागतो, जगातला कुठलाही माऊथपीस आणा. तो ए पण चढाच लागतो, स्लाईड ओढून घ्यावी लागते. ए च्या वरचेच फाटत असतील तर खरेदीच्या आधी वॉटर कीचा (नळीतलं पाणी काढायच्या झाकणाचा) कॉर्क बघा. वाळून आक्रसला असेल तर तिथून हवा जाते, बोट दाबून धरा आणि वाजवा, सूर सुधारला तर कॉर्क बदला, दहा-वीस रुपयांचं काम आहे. मग सावकाश माऊथपीस बघा. टेप मात्र लावू नका, कुणीही सांगू द्या.