वाचकांचे प्रश्न : कॅलेचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला कसा?

प्रश्न : फ्रान्सच्या राष्ट्रीय फुटबॉल चषकात एका हौशी संघाने थेट अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली होती, असे माझे थोरले बंधू नेहमी सांगतात. बाद पद्धतीच्या स्पर्धेत सोडत सोपी निघाली की कोणीही पुढे जातो, त्यात विशेष ते काय, असे माझे म्हणणे आहे. आमच्यापैकी कोणाचे बरोबर?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या बंधूंचे. तो संघ कॅलेचा आणि तो हंगाम १९९९-२००० चा. कॅले हे फ्रान्सच्या उत्तर टोकाचे बंदर आहे आणि तिथला क्लब तेव्हा देशातल्या चौथ्या श्रेणीत खेळत असे. दिवसभर आपापली नोकरी करून संध्याकाळी सरावाला येणारे हे खेळाडू होते. पेठांच्या तालमींचे सामने पाहत मोठे झालेल्या कोल्हापूरकराला अशा संघाची कल्पना करून देण्याची गरज नाही.

पहिल्या महायुद्धात मारले गेलेले फ्रेंच फुटबॉलचे संघटक शार्ल सिमाँ यांच्या स्मरणार्थ १९१७-१८ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेत गावोगावचे हौशी क्लबही उतरतात. सुरुवातीच्या फेऱ्या त्यांच्या-त्यांच्यातच होतात आणि पहिल्या श्रेणीतले संघ ६४ संघ उरल्यावर दाखल होतात. त्यामुळे लहान संघाचे नशीब सोडतीवर अवलंबून असते, हे आपले म्हणणे तत्त्वतः खरे आहे. मात्र कॅलेला ते लागू पडत नाही. ६४ संघांच्या फेरीपासून अंतिम सामन्यापर्यंत कॅलेने जे पाच संघ हरवले, त्यांत लांगों-कास्ते हा एकच हौशी होता. लील आणि कान हे दुसऱ्या श्रेणीतले व्यावसायिक संघ होते, त्यांपैकी लील तर त्याच हंगामात पहिल्या श्रेणीत चढला. उपांत्यपूर्व फेरीत कॅलेने पहिल्या श्रेणीतल्या स्ट्रासबूरला २-१ असे हरवले आणि उपांत्य फेरीत त्यांच्यासमोर उभा राहिला बोर्दो, म्हणजे आदल्या हंगामाचा लीग विजेता. याला सोपी सोडत कसे म्हणावे?

लील आणि कानविरुद्धचे विजय पेनल्टी शूटआऊटमध्ये मिळाले होते, तेव्हा त्यांत नशिबाचा वाटा होता असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. परंतु १२ एप्रिल २००० च्या उपांत्य सामन्याबाबत तसे म्हणता येत नाही. कॅलेचे स्वतःचे मैदान एवढ्या गर्दीला पुरणारे नसल्यामुळे हा सामना लाँस शहरातल्या बोलार्ट स्टेडियमवर झाला. नव्वद मिनिटे संपली तेव्हा दोन्ही बाजूंचा गोलफलक कोराच होता. जादा वेळ सुरू झाला की हौशी खेळाडूंचे पाय जड होणार आणि रोज व्यावसायिक सराव करणारा संघ हळूहळू सामना ओढून नेणार, असाच कोणाचाही अंदाज असतो. घडले ते उलट. जांदोने कॅलेला आघाडी मिळवून दिली, लालांदने बोर्दोला बरोबरी साधून दिली, आणि अशा वेळी लहान संघ जिथे खचतो तिथे मिलियाँ आणि जेरार यांनी शेवटच्या काही मिनिटांत आणखी दोन गोल केले. ३-१. या संपूर्ण हंगामातला एकच सामना पाहायचा असेल, तर अंतिम सामन्याऐवजी हा पाहावा, असे मी आपल्याला आग्रहाने सुचवेन.

प्रश्न : दोन वेगवेगळ्या संघांचे कर्णधार एकच करंडक मिळून उंचावत आहेत, असे याच स्पर्धेचे एक छायाचित्र मी पाहिले. संयुक्त विजेतेपद दिले होते का? आणि त्या लहान क्लबचे पुढे काय झाले?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही, विजेता एकच होता, पहिल्या श्रेणीतला नाँत. ७ मे २००० रोजी पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्सवर, म्हणजे १९९८ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला त्याच मैदानावर, पाऊण लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर ३४ व्या मिनिटाला द्युतित्रने कॅलेला पुढे नेले आणि मध्यंतरापर्यंत ती आघाडी टिकली. उत्तरार्ध सुरू होऊन पाच मिनिटे झाली तोच सिबिएर्स्कीने बरोबरी साधली. पुढे अगदी शेवटी, नव्वदाव्या मिनिटाला, काव्हेग्लिया गोलक्षेत्रात पडला, पंचांनी पेनल्टी दिली आणि सिबिएर्स्कीनेच ती गोलात मारून नाँतला २-१ असे जिंकून दिले. त्या पेनल्टीवर पुष्कळ वाद झाला, आणि कॅलेच्या पाठीराख्यांना ती बोचली यात नवल नाही.

आपण पाहिलेले छायाचित्र त्यानंतरचे आहे. नाँतचा कर्णधार आणि गोलरक्षक मिकाएल लांद्रो तेव्हा अवघा वीस वर्षांचा होता. राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांच्या उपस्थितीत करंडक स्वीकारण्याची वेळ आली, तेव्हा त्याने कॅलेचा कर्णधार रेजिनाल्ड बेक याला शेजारी बोलावले आणि दोघांनी मिळून तो उचलला. नियमात असे कुठेही सांगितलेले नाही. स्वतःचा संघ तेव्हा पहिल्या श्रेणीतून खाली घसरण्याच्या धोक्यात असताना, हाती आलेला मानाचा क्षण निम्मा वाटून देण्याचे सुचणे, हे मला त्या मुलाच्या कुठल्याही बचावापेक्षा मोठे वाटते.

क्लबची पुढची हकीकत मात्र दुःखद आहे. २००६ मध्ये कॅलेने पुन्हा उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि तिथेही नाँतनेच त्यांना थांबवले. २००८ मध्ये शहरात नवे स्टेडियम उभे राहिले आणि २००० च्या त्या पराक्रमाची आठवण म्हणून त्याला ‘लेपोपे’, म्हणजे ‘महागाथा’, असे नाव देण्यात आले. परंतु क्लब कर्जाच्या ओझ्याखालून वर येऊ शकला नाही आणि २०१७ मध्ये तो दिवाळखोरीत विसर्जित झाला. तिसऱ्या श्रेणीतले अमिएँ, केव्हिई आणि लेझर्बिए हे संघ नंतर अंतिम सामन्यापर्यंत गेले. चौथ्या श्रेणीतला मात्र कॅलेनंतर एकही अजून गेलेला नाही. २०२५ मध्ये चौथ्या श्रेणीतला एक संघ उपांत्य फेरीपर्यंत आला होता आणि रँसकडून २-१ असा हरला. तो संघ होता कान, ज्याला २००० मध्ये कॅलेने पेनल्टीवर घरी पाठवले होते.